विरळ हवेचा ग्रह

नऊ वर्षांत ताई अकरा ग्रहांवर चालून आल्या होत्या, आणि त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते.

रेडिओ केंद्राच्या तळघरात स्टुडिओ होता. तिथे दर आठवड्याला 'दूरची वस्ती' नावाच्या श्राव्य मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग रेकॉर्ड व्हायचा. चार प्रवासी, एक जुनं यान, आणि दर मोसमात एक नवा ग्रह. नट माईकसमोर उभे राहून संवाद वाचायचे, तेही हातातले कागद वाजू न देता. बाकी सगळं ताईंकडे. यानाचं दार म्हणजे फाइलींच्या लोखंडी कपाटाचा खण आणि सायकलचा पंप. बर्फ म्हणजे कापडी पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लॉर. परग्रहावरचं रान म्हणजे जुन्या कॅसेटमधल्या फितींचा हा एवढा गुंता. आणि चालायचं असलं की ताई खडीच्या, वाळूच्या किंवा लाकडी फळ्यांच्या चौकटीत उभ्या राहून जागच्या जागी चालायच्या. डॉक्टरीण चालली की टाचांचे बूट, यंत्रज्ञ चालला की रबरी चपला, कप्तान चालला की जाडजूड काळे बूट. चौघं एकदम पळायला लागले की ताईंची भंबेरी उडायची.

हा शेवटचा मोसम होता. आठ भाग करा आणि थांबा, असं वरच्या मजल्यावरून सांगण्यात आलं होतं. कुणी फारसं वाईट वाटून घेतलं नाही. सगळेच दमले होते. ताई तर जरा जास्तच, कारण त्यांची मुलगी चार महिन्यांच्या जुळ्या मुलींना घेऊन माहेरी आलेली होती. जावई परगावी नोकरीला होता. एक नात झोपली की दुसरी उठायची. दोघींनी जणू पाळ्या वाटून घेतल्या होत्या. सकाळी अकराला ताई स्टुडिओच्या पायऱ्या उतरायच्या तेव्हा कठडा धरून एकेक पायरी मोजत उतरायच्या, आणि काचेमागच्या खोलीतला तंत्रज्ञ रोज विचारायचा, "ताई, झोप झाली का?" आणि ताई रोज सांगायच्या, "कुणाची?"

या मोसमातल्या ग्रहाबद्दल लेखकानं फक्त एवढंच लिहिलं होतं: 'ग्रहवासींना आकार नाही. नुसता श्वास.' लेखक तिशीतला, दिवसभर पाणीपुरवठा खात्यात कारकुनी करणारा. त्याला 'आकार नाही' असं लिहायला काय जातंय? ताईंनी दोन्ही नाती झोपलेल्या असताना त्यांच्या उशाशी माईक धरला, तो श्वास स्टुडिओत आणून तिपटीनं संथ केला, आणि काचेमागचा तंत्रज्ञ कानाला हेडफोन लावून म्हणाला, "हे काय आहे? अंगावर काटा आला."

"माझ्या नाती आहेत," ताई म्हणाल्या.

पहिल्या भागाच्या वाचनाला कप्तान आले. कप्तानांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या औषधांच्या चिठ्ठीवर उरलं होतं. फाटकावरच्या रखवालदारापासून सगळे त्यांना भूमिकेच्याच नावानं हाक मारत. वय एकाहत्तर. दोन मोसमांच्या मधल्या सुट्टीत त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती. गळ्याला मफलर होता. त्यांनी सगळ्यांना हात केला, माईकसमोर उभे राहिले आणि पहिलं वाक्य वाचलं.

आवाज नव्हताच. म्हणजे होता, पण घासलेला, तळाला गेलेला. रिकाम्या पिंपात वाळू सरकावी तसा. दहा मिनिटांनी तोही तुटायला लागला. डॉक्टरणीची भूमिका करणारी नटी आपल्या कागदात डोकं घालून उभी राहिली. कप्तानांनी वाक्य पूर्ण केलं, पाणी प्यायले, पुढचं वाक्य अर्धं केलं. मग दिग्दर्शिका मॅडमनी काचेमागून सांगितलं, "आज एवढंच. छान झालं."

छान झालं असं त्या फक्त वाईट झालं की म्हणत.

कप्तान गेल्यावर मॅडमनी ताईंना कॉरिडॉरमध्ये गाठलं. मॅडम चाळिशीच्या, कायम घाईत, एका वेळी चार कार्यक्रम सांभाळणाऱ्या. वाईट बाई नव्हत्या.

"तिसऱ्या भागात कप्तानाला मारावं लागेल," त्या म्हणाल्या. "शिरस्त्राणाला तडा जातो, हवा निसटते, संपलं. पुढचे भाग यंत्रज्ञ नेईल. तुम्ही हवा निसटण्याचा आवाज बघून ठेवा."

"त्यांना सांगितलंत?"

"तेच म्हणत होते मी. तुमचं त्यांचं इतक्या वर्षांचं आहे. तुम्हीच सांगितलंत तर बरं."

ताईंना नाही म्हणता आलं नाही. खरं तर नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते, आणि ती त्या सकाळीच घरी संपवून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कप्तानांकडे गेल्या. कप्तान तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. दाराबाहेर दम खात उभ्या असताना त्यांना आतून आवाज ऐकू आला. कप्तान काहीतरी मोठ्यानं वाचत होते. "जेवणानंतर... दोन चमचे... बाटली हलवून घ्यावी." थोडं थांबून पुन्हा तेच, जरा वरच्या पट्टीत. औषधाच्या बाटलीवरची सूचना ते नाटकातल्या राजासारखी म्हणत होते.

ताईंनी बेल वाजवली.

"या," कप्तान म्हणाले. "पायऱ्या चढून आलात म्हणजे बातमी वाईट आहे."

त्यांनी स्वतः चहा केला. ताईंनी नातींचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, लेखकाच्या पाणीपुरवठा खात्यात पाणी नसतं तेही सांगितलं. कप बशीत ठेवून कप्तान म्हणाले, "कितव्या भागात मारताय?"

ताई खाली बघत राहिल्या. "तिसऱ्या."

"कशानं?"

"हवा निसटते."

कप्तानांनी मान हलवली. "बरं आहे. शेवटी भाषण तर नाही ना? मेल्या माणसाला फार बोलायला लावतो तो पोरगा." मग ते मफलरची कड बोटांनी सरळ करत राहिले. "पन्नास वर्षं बोलण्याचं काम केलं, ताई," ते म्हणाले. "दुसरं काही येत नाही. भाजी आणायला गेलो तरी बोलायलाच जातो."

ताई परतीच्या बसमध्ये बसल्या आणि त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा त्यांचा स्टॉप मागे गेला होता.

तिसऱ्या दिवशी बैठक होती. मॅडम, लेखक, तंत्रज्ञ आणि ताई. मॅडमनी विचारलं, "निसटणाऱ्या हवेचं झालं का काही?"

"नाही झालं," ताई म्हणाल्या. "आणि होणारही नाही. माझ्या अंगात त्राण नाही. फुगा धरायचा, त्याचं तोंड चिमटीत आवळायचं, दोन मिनिटं हळूहळू सोडायचं, तेही त्या माणसाच्या शेजारी उभं राहून. मला नाही जमणार. त्यापेक्षा ग्रहावरची हवाच विरळ करा."

"म्हणजे?"

ताईंनाही म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. चिडून तोंडातून निघून गेलं होतं. पण लेखक एकदम खुर्चीत सरसावून बसला. "म्हणजे हवा इतकी विरळ की आवाज जातच नाही! सगळ्यांचेच आवाज घासलेले. एका श्वासात तीन-चार शब्द, बस."

"आणि तुझी लांबलचक स्वगतं?" तंत्रज्ञानं विचारलं.

लेखकाचा चेहरा पडला. मग तो म्हणाला, "जाऊ देत."

मॅडमनी कपाळावर हात घासला. कप्तानाला मारायला वरच्या मजल्याची परवानगी, चिडलेल्या श्रोत्यांची पत्रं, पुढचे पाच भाग एकट्या यंत्रज्ञावर ओढणं. हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. "करून बघू," त्या म्हणाल्या.

आणि जमलं. सगळे जण घसा आवळून, धापा टाकत, तोडून तोडून बोलायला लागले. डॉक्टरणीनं पहिल्याच दिवशी तक्रार केली की असं बोलून तिचा घसा बसेल, आणि मग ओशाळून कप्तानांकडे बघितलं. कप्तान खळखळून हसायला गेले आणि खोकले. तोही खोकला तंत्रज्ञानं ठेवून दिला. कप्तानांचा आवाज आता या ग्रहाचाच वाटत होता. उलट बाकीचेच पाहुणे वाटत होते. मागे नातींचा संथ केलेला श्वास यायचा, जायचा.

पहिला भाग लागला तसे फोन यायला लागले. एकानं रेडिओतले सेल दोनदा बदलले होते आणि तो भांडायला उभा होता. दुसऱ्यानं विचारलं, कार्यक्रमाला सर्दी झालीय का? पण दुसऱ्या भागानंतर एका शिंप्यानं कळवलं की नीट ऐकू यावं म्हणून त्यानं दुकानातली सगळी मशीनं अर्धा तास बंद ठेवायला लावली, त्यावरून कारागिरांनी कुरकुर केली, आणि शेवटी तेच रेडिओच्या सगळ्यात जवळ बसले होते. मॅडमनी ते पत्र फलकावर टाचलं. चार भाग असे गेले. ताई घरी जाऊन मुलीला म्हणाल्या, "आयुष्यात एकदा तरी डोकं चाललं माझं."

पाचव्या भागाच्या रेकॉर्डिंगला कप्तान वेळेवर आले. खुणेचा लाल दिवा लागला. त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांनी हातानं 'पुन्हा' अशी खूण केली. दिवा पुन्हा लागला. पुन्हा हवा. तिसऱ्या वेळी त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या ताईंना आपल्या टेबलापाशी उभ्या उभ्या दिसल्या.

"थांबू या," काचेमागून मॅडम म्हणाल्या, आणि या वेळी छान झालं असं म्हणाल्या नाहीत.

कप्तानांनी कागद क्रमानं लावले, माईकच्या स्टँडवर ठेवले आणि ते बाहेर गेले. ताई खडीच्या चौकटीतून निघून, भिंतीला धरत त्यांच्यामागे गेल्या. कप्तान कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि पुढे केलं.

'डॉक्टरांनी तीन महिने अजिबात बोलू नका म्हणून सांगितलं होतं. बोललात तर उरलेला आवाजही जाईल म्हणाले.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. "मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

'सांगितलं असतं तर बोलू दिलं असतंत?'

ताई त्यांच्या शेजारी धपकन बसल्या. आपण त्यांना वाचवलं म्हणून चार आठवडे त्या मनातल्या मनात खूश होत्या. मेला असता तर तो कागदावरचा कप्तान मेला असता. हा माणूस घरी बसला असता, गप्प राहिला असता, आणि तीन महिन्यांनी कदाचित बोलला असता.

"माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. "मीच म्हणाले हवा विरळ करा."

कप्तानांनी जोरानं मान हलवली. कागद परत घेऊन लिहिलं, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून: 'आवाज माझा होता. मीच संपवला. तुम्हाला विचारलं नव्हतं.'

समोरून चहावाला रिकामे कप घेऊन गेला. ताईंना वाटलं, इथेच आडवं व्हावं.

लेखकानं एका रात्रीत उरलेले भाग बदलून आणले. आता कप्तानाचं बोलण्याचं यंत्र बिघडलं होतं. तो सगळ्यांच्या पुढे चालतो. बाकीचे मागून विचारतात, आणि तो शिरस्त्राणावर टकटक करून उत्तर देतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे सगळी भिस्त पावलांवर. ताई, या चार भागांत कप्तान सलग चालतोय."

ताईंनी पानं चाळली. दगडांवरून, चिखलातून, कड्यावर. त्यांनी जाडजूड काळे बूट उचलले आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या कप्तानांच्या पायांशी नेऊन ठेवले.

"तुमचे बूट तुम्हीच घाला," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं मी चालले तुमच्या वाटचं."

कप्तान बूट घालून खडीत उभे राहिले आणि चालले. रंगमंचावर राजवाड्यात प्रवेश करतात तसे. खडी उडून तंत्रज्ञाच्या काचेवर आपटली.

"अहो, चालू नका," ताई म्हणाल्या. "वजन टाका नुसतं. आधी टाच, मग बोटं. पाय उचलताना आवाज नसतो, टेकवताना असतो. माणूस दमला की त्याचं टेकवणं लांबतं. असं." त्यांनी शेजारी उभं राहून करून दाखवलं. दमलेल्या माणसासारखं चालायला त्यांना काही वेगळं करावं लागलं नाही.

कप्तानांनी ऐकलं, चार पावलं टाकली, थांबले, आणि पाटीवर लिहिलं. आता त्यांच्या गळ्यात दोरीनं अडकवलेली एक पाटी असायची. 'तुम्ही डावा पाय का ओढता?'

"कप्तान लंगडतो."

'केव्हापासून??'

"सात वर्षं झाली. दुसऱ्या मोसमात माझा डावा गुडघा धरला ना, तेव्हापासून."

कप्तान तोंड उघडं टाकून बघत राहिले. 'मला कुणी सांगितलं कसं नाही?'

"तुम्ही मालिका ऐकत नव्हतात?"

त्यांनी मान खाली घातली. मग लिहिलं: 'स्वतःचा आवाज ऐकवत नाही मला. कधीच ऐकवला नाही.'

काचेमागे तंत्रज्ञाला हसू आवरेना. त्याच्यामागोमाग मॅडमही हसल्या, आणि ताईंनाही हसू फुटलं, ते थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. शेवटी त्यांना कप्तानांनीच पाणी आणून दिलं.

रोज दुपारी तीन तास ताईंनी त्यांना चालायला शिकवलं. त्या खुर्चीवर बसून सांगायच्या, कप्तान घामाघूम व्हायचे. चिखलासाठी परातीत भिजवलेला कागदाचा लगदा होता. त्यात ते दोनदा घसरले. आठवडाभरानं त्यांचं लंगडणं ताईंपेक्षा चांगलं यायला लागलं. हे ताईंनी मनात कबूल केलं, तोंडानं नाही.

शेवटच्या भागात तिघं प्रवासी यानात चढतात आणि कप्तान सगळ्यात मागून येतो. संवाद संपलेले असतात. नुसती पावलं: खडी, मग यानाचा धातूचा उतार, मग दार. धातूसाठी ताईंनी एक लोखंडी पत्रा तिरका टेकवला होता. कप्तान खडीतून चालत आले, पत्र्यावर एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबले.

कागदावर थांबणं लिहिलेलं नव्हतं. ताई सायकलचा पंप हातात धरून दार लावायच्या तयारीत होत्या. एक सेकंद, पाच सेकंद. रेडिओवर इतकी शांतता म्हणजे यंत्र बंद पडलं असंच समजतात. मॅडमचा हात थांबवायच्या बटणाकडे गेलेला ताईंना काचेतून दिसला. मागे फक्त तो श्वास येत होता, जात होता. कप्तान कुणाकडेच बघत नव्हते. ते पत्र्यावर, एका पायावर सगळं वजन टाकून उभे होते. ते दमले होते, आणि त्यांना वर जायचं नव्हतं, एवढं स्पष्ट कळत होतं. मॅडमनी हात मागे घेतला.

मग तिसरं पाऊल. चौथं. ताईंनी दार लावलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टरीण डोळे पुसत पिशवी भरायला लागली. लेखकाला कामावर परत जायचं होतं. तो धावतच गेला. ताईंनी खडी पोत्यात भरायला घेतली आणि कप्तानांनी पोत्याचं तोंड धरलं.

महिन्याभरानं जावई येऊन मुलीला आणि नातींना घेऊन गेला. घर रिकामं झालं तसं ताईंनी दाराला कडी घातली आणि त्या दोन दिवस झोपल्या. उठल्या तेव्हा इतकी शांतता होती की त्या उगाचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवून आल्या.

कप्तानांचा आवाज आला नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता येणारही नाही. त्यानंतर तीन महिने ते ताईंच्या टेबलाशी कामाला आले. एका नाटकात अख्खं सैन्य चालवायचं होतं, ते दोघांनी मिळून चालवलं. पण मग एक दिवस त्यांनी पाटीवर सरळ लिहिलं, की हे काम बोलण्यापेक्षा फार कष्टाचं आहे, आणि आपल्याला आता बसायचं आहे. ते दूरच्या गावी, धाकट्या बहिणीकडे राहायला गेले. ताईंना राग आला नाही. थोडा हेवा वाटला.

परवा त्यांचं पत्र आलं. चार ओळी तब्येतीच्या. बहीण फार बोलते आणि उलटून बोलता येत नसल्यानं आपण प्रत्येक वादात हरतो, असं होतं. आणि खाली लिहिलं होतं, की इथल्या न्हाणीघराचं दार उघडताना म्हातारं जनावर विव्हळावं तसा आवाज करतं. बहीण तेल घालायला निघाली होती, पण आपण तिचा हात धरून ठेवला आहे, तेव्हा माईक घेऊन लवकर या.

ताईंनी पत्र वाचून फळीवर ठेवलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. आधी जावं की नंतर, ते त्यांचं अजून ठरत नाहीये. पायऱ्या किती आहेत ते त्यांनी उलटटपाली विचारलं आहे.